पूर्वीप्रमाणेच

प्रभू येशूच्या नावात सर्व श्रोत्यांना सलाम.

बायबलमधल्या दानीएलाचं नाव निघालं की आपल्याला सिंहांची गुहा आठवते. रविवारच्या शाळेत ते चित्र आपण हौसेनं रंगवलेलं असतं. मला मात्र त्या गुहेच्या आधीची हकिगत जास्त जवळची वाटते. दारयावेश राजानं 120 प्रांताधिकारी नेमले, त्यांच्यावर तीन अध्यक्ष, आणि त्या तिघांत एक दानीएल. बाकीच्यांच्या डोळ्यांत तो खुपायला लागला. त्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली, ती काही सापडली नाही. मुलूख परका, राजा परका, तरी याचं काम चोख! शेवटी त्यांनी त्याला प्रार्थनेवरून अडकवलं. तीस दिवस राजावाचून कुणापुढेही मागणं मागायचं नाही, आणि मागेल त्याला सिंहांच्या गुहेत टाकायचं, असा हुकूम काढून घेतला. हे कळल्यावर दानीएल घरी गेला, माडीवरच्या खोलीत यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्याच होत्या, तिथं त्यानं गुडघे टेकले. दिवसातून तीनदा, पूर्वीप्रमाणेच.

हा 'पूर्वीप्रमाणेच' माझ्या मनात घर करून बसला आहे. त्या दिवशी त्यानं नवं काहीच केलं नाही. गुडघ्यांना सवय होती.

मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. कामासाठी बाहेरगावी जावं लागे आणि आल्यावर प्रवासभत्त्याचं बिल भरायचं असे. जायचं एसटीनं आणि लावायचे रिक्षाचे पैसे, असा सगळ्यांचा रिवाज. मीही लावत असे. एकदा साठ रुपये जास्तीचे लिहून घरी आलो. रात्री जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थनेला बसलो, तर धाकटी म्हणाली, "बाबा, आज तुम्ही प्रार्थना करा." माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी बिल परत मागून घेतलं, त्या रकमेवर काट मारली आणि शेजारी सही केली. खरं सांगतो, बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळीसमोर उभं राहायला मला जेवढा धीर लागला, त्याहून जास्त त्या सहीला लागला.

देवाशी एकनिष्ठ राहणं म्हटलं की आपण छळ, तुरुंग, हौतात्म्य असं काहीतरी मोठं डोळ्यांपुढे आणतो. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातही मोठे प्रसंग कमी नव्हते. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा इकडे केवढा गहजब झाला! पुढे दुष्काळातल्या निराधार मुलींना त्यांनी केडगावला आणून सांभाळलं. पण मला आठवतात त्या म्हातारपणी मुद्रितं, म्हणजे छपाईची प्रुफं, तपासणाऱ्या बाई. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर करत होत्या. वर्षामागून वर्षं. कानांनी धड ऐकू येत नव्हतं. छपाईचं काम मुक्ति मिशनमधल्या, म्हणजे त्यांच्या केडगावच्या आश्रमातल्याच बायका करत.

1921 साली मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक लेक, आईच्या मागे सगळा भार उचलणार होती ती. आईचं काय झालं असेल, याचा विचार केला की माझा घसा दाटून येतो. तरी मुद्रितांचं काम सुरू राहिलं. ओळीमागून ओळ, काना, मात्रा, वेलांटी. 5 एप्रिल 1922 ला बाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल बाहेर आलं 1924 साली. ते छापील पुस्तक हातात घ्यायला त्या नव्हत्या.

चला, आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू, उद्या पहाटे डेअरीला दूध घालणाऱ्या बहिणीजवळ राहा. रात्रपाळीला एकटीच जागणाऱ्या नर्सजवळ, आणि दुकानात तराजू धरणाऱ्या भावाजवळ राहा. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे आणि उद्या ज्यांना कामावर जायचंच आहे, त्यांचा हात धर. आमेन.