मुलाचा ताबा, अपील आणि सुनावणीची नोंद

श्रोतेहो, नमस्कार. मुलाचा ताबा आईकडे असावा की वडिलांकडे, या वादाचा निकाल कौटुंबिक न्यायालयात लागल्यानंतर नाराज पक्ष उच्च न्यायालयात अपील करतो, तेव्हा तेथे साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे येते ते खालच्या न्यायालयाचे दप्तर, म्हणजे अर्ज, निशाण्या (क्रमांक देऊन दप्तरात घेतलेले कागद), साक्षी आणि रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद). जे दप्तरात उतरले त्यावरच अपील चालते. जे उतरले नाही, ते भर न्यायालयात बोलले गेलेले असले तरी अपिलात त्याचा आधार घेता येत नाही. अतिरिक्त पुराव्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम २७ मध्ये आहे खरी, पण ती वाट मुद्दामच अरुंद ठेवलेली आहे.

त्यात कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ याचे कलम १५ असे सांगते की, साक्ष सविस्तर लिहून घेणे आवश्यक नाही. न्यायाधीशांनी साक्षीचा सारांश नोंदवावा आणि त्यावर साक्षीदाराने व न्यायाधीशांनी सही करावी. संसार मोडलेल्या माणसांचे खटले लवकर संपावेत, हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. मात्र उलटतपासात प्रश्न आणि उत्तर मिळून एकच वाक्य तयार होते, आणि त्या वाक्यात काय राहिले व काय गळाले यावर एखाद्या मुलाचे घर ठरू शकते.

मी वकील म्हणून काम पाहिलेल्या एका अपिलाची हकीकत सांगतो. ओळख पटेल असे तपशील मात्र सांगणार नाही. सात वर्षांच्या मुलीचा ताबा वडिलांना मिळाला होता आणि आईने अपील केले होते. निकालाचा मोठा आधार होता शेजारच्या बाईंची साक्ष. उलटतपासात त्यांच्या तोंडी एक वाक्य नोंदवले गेले होते : "मुलगी आईकडे असताना वारंवार आजारी पडत असे, हे म्हणणे खरे आहे." त्या बाई तेवढेच बोलून थांबल्या नव्हत्या. ती तळमजल्याची भाड्याची खोली पावसाळ्यात ओल धरत असे, पुढच्या दिवाळीत आईने खोली बदलली आणि त्यानंतर मुलीला आजारी पाहिले नाही, असेही त्यांनी सांगितले होते. हे उत्तर साक्षीत नव्हते. बाईंनी न वाचता सही केली होती.

सुदैवाने आईच्या तेव्हाच्या वकिलांनी त्याच दुपारी अर्ध्या पानाचा अर्ज दिला होता. विचारलेला प्रश्न, मिळालेले संपूर्ण उत्तर आणि राहिलेला भाग नोंदवण्याची विनंती, एवढेच त्यात होते. अर्जावर निर्णय झालाच नाही, पण त्याला निशाणी क्रमांक पडला आणि तो दप्तरात सामील झाला. उच्च न्यायालयात समोरच्या वकिलांनी ते आजारपणाचे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. आम्ही ओल धरणाऱ्या खोलीचा उल्लेख करताच खंडपीठाने विचारले, "हे दप्तरात कोठे आहे?" आम्ही ती निशाणी दाखवली. अर्जाची तारीख साक्षीचीच होती आणि त्या दिवसाच्या रोजनाम्यातही अर्ज आल्याची नोंद होती. अर्ज दुसऱ्या दिवशी दिला असता, तर तो मागाहून सुचलेला बचाव ठरला असता.

दुसरी उणीव मात्र भरून निघाली नाही. न्यायाधीश मुलीशी चेंबरमध्ये बोलले होते. रोजनाम्यात फक्त "मुलीशी संवाद साधला" असे होते, आणि निकालपत्रात ती वडिलांकडे रमली असल्याचा निष्कर्ष होता. तिला काय विचारले, ती काय म्हणाली, याची एक ओळही कोठे नव्हती. खंडपीठाने तिला स्वतः बोलावले, तेव्हा ती नऊ वर्षांची होत आली होती आणि दोन वर्षे वडिलांच्या घरी वाढली होती. तिची नवी मैत्रीण, नवी शाळा, सगळे तिकडेच होते. सात वर्षांच्या मुलीचे म्हणणे आता कोणालाच मिळणार नव्हते. शेवटी शेजारच्या बाईंची साक्ष पुन्हा नोंदवण्यासाठी प्रकरण खाली परत गेले, म्हणजे मुलीचे आणखी काही महिने तारखांमध्ये गेले. (अशा तारखा शाळेच्या सुट्टीतच द्याव्यात, असे माझे ठाम मत आहे, गणवेशातली मुले न्यायालयाच्या बाकांवर दिवसभर बसलेली पाहवत नाहीत.)

पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार, समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालयाला विचारात घेता येते. पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाशी स्वतः चेंबरमध्ये बोलून, त्याने वडिलांकडे जाण्यास स्पष्ट नकार दिला, हे निकालपत्रातच लिहिले आणि वडिलांना ताबा देणारे खालचे आदेश रद्द केले. तो निकाल कोणत्या पायावर उभा आहे, हे आज कोणीही वाचू शकतो. चेंबरमधील संवादाचा गोषवारा त्याच दिवशी लिहून सीलबंद लिफाफ्यात दप्तराला जोडला, तर मुलाची गोपनीयताही राखली जाईल आणि अपिलाची सोयही होईल. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीचे शब्दांकन सर्वोच्च न्यायालयात यंत्राच्या साहाय्याने सुरू झाले. सत्तेच्या वादासाठी जे करता आले, ते एका मुलाच्या घरासाठीही करता यायला हवे.

तोवर श्रोत्यांपैकी ज्यांचा असा दावा चालू आहे, त्यांनी साक्ष वाचल्याशिवाय सही करू नये, आणि काही राहिले असेल तर अर्ज त्याच दिवशी द्यावा. पुन्हा सांगतो, त्याच दिवशी. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ मध्ये अपिलासाठी निकालापासून ३० दिवसांची मुदत दिलेली आहे, म्हणून निकाल लागताच नकलेसाठी अर्ज करावा, आणि नक्कल केवळ निकालपत्राची न मागता सर्व साक्षींची, आपल्या प्रत्येक अर्जाची व पुरसिसेची (न्यायालयाला दिलेल्या लेखी निवेदनाची) आणि पहिल्या तारखेपासूनच्या रोजनाम्याचीही मागावी.