एक खोली वर, एक खोली खाली

(दृश्य: काळोखा पडदा. मधोमध एक पट्टी हळूहळू भरत चालली आहे.)

नवं जग तयार होतंय, टेरारिया नावाच्या व्हिडिओ गेममधलं. पडद्यावर इंग्रजीत एकेक ओळ उमटते आणि जाते. जमीन बनवतोय. वाळू टाकतोय. टेकड्या उभ्या करतोय. मातीत दगड ठेवतोय. दगडांत माती भरतोय. आणि या सगळ्यात एक ओळ येते: मातीमागे माती लावतोय.

ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकले. हे जग तर चपटं आहे, वहीच्या पानावर काढलेल्या चित्रासारखं. त्यात डावीकडे जाता येतं, उजवीकडे जाता येतं, वर चढता येतं, खाली उतरता येतं. मागेपुढे अशी दिशाच नाही. मग मातीच्या मागे माती कशाला?

उत्तर पहिल्या दहा मिनिटांत मिळालं. समोरचा मातीचा ठोकळा खणून काढला, तर त्या जागी नुसतं भोक पडलं नाही. मागे मातीचीच एक गडद भिंत दिसली. ती भिंत होती म्हणून मला आपण जमिनीच्या पोटात आलोय असं वाटलं. ती नसती तर नुसतं कागदाला भोक पडलं असतं. खणणाऱ्याला काय वाटेल याचा विचार कुणीतरी खणणारा येण्याच्या आधीच करून ठेवला होता.

(दृश्य: सकाळ. ढग, गवत, झाडं. मधोमध एक छोटा माणूस उभा.)

हा गेम करणारे कोण? अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला री-लॉजिक नावाचा छोटा स्टुडिओ, त्यातले अँड्र्यू स्पिंक्स आणि त्यांचे मोजके सहकारी. 2011 च्या जानेवारीत काम सुरू झालं आणि 16 मे 2011 ला गेम लोकांच्या हातात आला. पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. 2022 पर्यंत त्याच्या 4 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. आजही मुलं तो खेळतात, मोठी माणसं खेळतात, आणि मीही खेळते.

मला हा गेम माझ्या भाच्याने दिला. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर दुसरं काही धड चालत नव्हतं, हा चालत होता. तो शेजारी बसून सांगत होता आणि मी चाचपडत होते.

हातात तीन वस्तू असतात. तांब्याची छोटी तलवार, तांब्याचा टिकाव आणि तांब्याची कुऱ्हाड. नव्या जगात घड्याळ सकाळी सव्वाआठला सुरू होतं. तिथलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. संध्याकाळी साडेसातला रात्र पडते. म्हणजे पहिल्या दिवसासाठी आपल्या हातात सव्वाअकरा मिनिटं असतात.

ही सव्वाअकरा मिनिटं मला अजून आठवतात. झाड तोडलं. बुंध्यावर घाव घातला की वरचं सगळं झाड कोसळतं, लाकडं होतात. दहा लाकडांचं वर्कबेंच झालं, म्हणजे वस्तू बनवायचं मेज. उड्या मारत येणारे चिकट स्लाइम मारले, त्यांच्यातून जेल निघालं. एक लाकूड आणि एक जेल, की तीन मशाली. एवढ्यात पडद्यावर केशरी झाक आली आणि भाचा ओरडला, "मावशी, भिंती उभ्या कर! दार लाव आधी, दार!"

दार लावलं आणि रात्र झाली. बाहेर झॉम्बी आले. दाराशी येऊन धडका मारायला लागले. ठक, ठक, ठक. आत मी, एक मशाल आणि मागची भिंत अर्धवट राहिलेली लाकडी खोली. खुर्चीसुद्धा नव्हती. पण ती खोली माझी होती. दाराबाहेरच्या आवाजाने आतला उजेड आणखी उबदार झाला होता.

(दृश्य: तीच खोली, रात्र. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो. खोलीखालची जमीन दिसते, तिच्याखाली काळोख.)

आता हे चित्र नीट बघा. खोली दिसतेय, कारण तिला समोरची भिंतच नाही. आपल्या नाटकांतल्या दिवाणखान्याच्या सेटसारखी ती आपल्याकडे उघडी आहे. खुर्ची कुठे, मेज कुठे, दिवा कुठे, सगळं एका नजरेत. आणि त्याच नजरेत फळ्यांच्या खालची माती आहे, मातीखालचा दगड आहे, दगडाखाली मिट्ट काळं आहे.

शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात जमिनीचा छेद असायचा. वर झाडं, मग मातीचे थर, मग खडक, मग पाणी. मी ती आकृती तासन् तास बघत बसायचे. प्रश्नांची उत्तरं लिहिण्यापेक्षा त्या थरांमध्ये बोट घालून उतरावंसं वाटायचं. टेरारियाचं सगळं जग म्हणजे तो छेद आहे. फक्त इथे उतरता येतं.

त्रिमिती गेममध्ये खाणीत उतरलं की नाकासमोर दगड असतो आणि दगडामागे काय आहे ते कळत नाही. त्यातही मजा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिथे घर मागे राहतं. इथे घर डोक्यावर असतं. किती खाली आलो, हे अंगाला कळत राहतं. एक मिती काढून घेतल्यामुळे या गेममध्ये काही कमी झालं असं मला कधीच वाटलं नाही. उलट उरलेल्या दोघींपैकी एक, ती खाली जाणारी, फार मोठी झाली.

मराठीत 'खोली' हा एकच शब्द दोन गोष्टींना पुरतो. चार भिंतींची ती खोली, आणि विहिरीची, डोहाची ती खोली. शब्द एक का, कसा, यात मी शिरत नाही. पण हा गेम कशाबद्दल आहे असं मला कुणी विचारलं, तर मी हा एक शब्द दोनदा म्हणते.

(दृश्य: सरळ खाली जाणारा अरुंद बोगदा. मशालींची रांग.)

सगळ्यात मोठं जग 8400 ठोकळे रुंद आणि 2400 ठोकळे उंच असतं. म्हणजे 2 कोटींहून जास्त ठोकळ्यांची जागा. गेममधलं खोली मोजायचं यंत्र एका ठोकळ्याला दोन फूट धरतं. त्या हिशेबाने हे जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच किलोमीटर भरतं आणि आकाशापासून तळापर्यंत जवळजवळ दीड किलोमीटर. तळाशी राख आहे, लाव्हा आहे, उद्ध्वस्त घरं आहेत. त्याला पाताळ म्हणायला हरकत नाही. वरून पाताळापर्यंत सरळ विहीर खणणाऱ्यांनी तिला नाव दिलंय 'हेलेव्हेटर', नरकात नेणारी लिफ्ट.

पण सरळ विहीर पुढची गोष्ट. सुरुवातीला माणूस वाकडातिकडाच खणतो. कारण काळ्यात काहीतरी चमकतं. तांबं किंवा कथील, लोखंड किंवा शिसं, मग चांदी, मग सोनं. मशाल लावली की तेवढं वर्तुळ उजळतं आणि त्याच्या कडेला आणखी एक ठिपका चमकतो. त्या ठिपक्याकडे जावं तर पलीकडे पोकळी लागते, पोकळीत एक लाल स्फटिकाचं हृदय धडधडत असतं. ते फोडून घेतलं की आपलं आयुष्य 20 गुणांनी वाढतं. "एवढंच बघते आणि वर जाते," असं मी किती वेळा म्हटलं असेल!

मशालीबद्दल थोडं बोलायलाच हवं. पाणी शिरलं नाही तर भुयारात तुम्ही लावलेली मशाल विझत नाही. ज्या वाटेने तुम्ही गेलात ती वाट तुमच्या उजेडाने भरलेली राहते. आठवड्याने परत आलात तरी ती तिथेच जळत असते, आणि त्या उजेडाच्या रेषेत तुमची सगळी चलबिचल दिसते. इथे घाबरून वळले होते. इथे सोनं दिसलं म्हणून उगाच वर चढले. इथे मशाली संपल्या.

दिवाळीत अंगणात किल्ला करायचो तेव्हा त्याला भुयार लागायचंच. एका बाजूने मी हात घालायचे, दुसऱ्या बाजूने भाऊ. ओल्या गार मातीत बोटं पुढे सरकवत जायची, आणि मधे कुठेतरी अचानक समोरच्याची बोटं लागायची. दोन गुहा एकमेकींत उघडतात तेव्हा मला दर वेळी ती बोटं आठवतात.

(दृश्य: भूमिगत तळं. तळाच्या एका ठोकळ्यावर टिकाव.)

पाण्याची मात्र इथे वेगळी तऱ्हा आहे. माती हवेत तरंगत राहते, खालचं सगळं काढलं तरी पडत नाही. वाळू पडते. आणि पाणी वाट शोधत येतं. मी एकदा तळ्याच्या नेमकी खालून खणत होते. एक ठोकळा काढला आणि वरचं सगळं तळं माझ्या बोगद्यात उतरलं. डोक्यावर श्वासाचे बुडबुडे दिसतात, ते एकेक करून फुटत गेले. मी बुडाले. घरी पुन्हा जागी झाले तेव्हा गाठीची नाणी तिकडेच सांडली होती. नाणी आणायला परत गेले, तर त्या जागी माझ्या नावाचं थडगं उभं होतं, त्यावर मी कशी मेले तेही लिहिलेलं. मी ते काढून घराशेजारी आणून ठेवलं. अजून आहे.

आणि लाव्ह्यावर पाणी सोडलं की ऑब्सिडियन होतो, काळा कठीण दगड. हे कुणी सांगावं लागत नाही. एक दिवस तुमच्या हातून पाणी चुकीच्या जागी सांडतं आणि तुम्हीच ते शोधता.

(दृश्य: गावासारखी रचना. एकावर एक खोल्या, प्रत्येकीत एक माणूस.)

पहिल्या दिवसापासून जगात एक माणूस आपल्यासोबत असतो, मार्गदर्शक. कशापासून काय बनतं ते सांगतो. बाकीचे हळूहळू येतात, आणि प्रत्येकाला खोली लागते. भिंती, मागचीसुद्धा भिंत, दार, दिवा, बसायला काहीतरी, वस्तू ठेवायला सपाट काहीतरी. यातलं एक नसलं तरी कुणी राहायला येत नाही. चांदीची 50 नाणी जमली की व्यापारी येतो. तुमच्याकडे बॉम्ब आला की बॉम्ब विकणारा येतो. पण माझ्या सगळ्यात जवळचे आहेत ते खाली सापडलेले. गुहेत हातपाय बांधून टाकलेला एक बुटका राक्षस, गोब्लिन कारागीर. कोळ्यांच्या गुहेत जाळ्यात गुरफटलेली केस कापणारी. त्यांना सोडवायचं आणि वर येऊन त्यांच्यासाठी खोली बांधायची. कुणाला कुणाचा शेजार आवडतो, कुणाला नाही. गर्दी झाली तर वस्तूंचे भाव वाढवतात. मी त्या केस कापणारीच्या खोलीसाठी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, रंगीत भिंत शोधत.

मग एक वेळ येते जेव्हा गेम तुमच्याकडून फार मोठं काहीतरी मागतो. पाताळात एक बाहुली मिळते, त्या मार्गदर्शकाची. ती लाव्ह्यात टाकायची. टाकली की तो मरतो, आणि मांसाची एक प्रचंड भिंत पाताळभर तुमच्यामागे धावत येते. तिला हरवलं की सगळं जग बदलतं. नवे धातू येतात, आणि जमिनीला लागलेली कीड झपाट्याने पसरायला लागते. पहिल्या दिवशी ज्याने वर्कबेंच शिकवलं त्यालाच बळी द्यायचं. भाचा म्हणाला, "अगं मावशी, तो परत येतो!" येतो, खरंय. तरी बाहुली हातात घेऊन मी बराच वेळ लाव्ह्याच्या काठावर उभी होते. परत आल्यावर पहिलं काम केलं ते गावाभोवती खंदक खणण्याचं, कीड आत येऊ नये म्हणून.

(दृश्य: जुन्या आणि नव्या आवृत्त्यांची चित्रं एकापाठोपाठ.)

हा गेम करणाऱ्यांनाही तो सोडवला नाही. 2012 च्या सुरुवातीला काम थांबवल्याचं जाहीर झालं. 1 ऑक्टोबर 2013 ला मोठी 1.2 आवृत्ती आली. 2015 मध्ये 1.3. मे 2020 मध्ये 1.4, जिचं नावच प्रवासाचा शेवट सांगणारं होतं. त्यानंतरही 2022 मध्ये 1.4.4 आली. ज्यांनी 2011 मध्ये एकदा पैसे दिले त्यांच्याकडून या कशासाठीही पुन्हा पैसे घेतले नाहीत. 2021 मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावरच्या खेळाडूंनी मतं देऊन त्याला प्रेमाने केलेल्या कष्टाचा पुरस्कार दिला. मला तो अगदी योग्य वाटला. सुरुवातीला या गेमची चित्रं काढणाऱ्या फिन ब्राइस यांनी पुढे स्टारबाउंड हा गेम केला, त्यात खणायला एका जगाऐवजी असंख्य ग्रह आहेत. सुंदर आहे. पण मला एकाच जमिनीत उतरायला आवडतं.

(दृश्य: दुसऱ्या एका जगातलं गाव. रात्र. मशाली.)

भाचा आता शिकायला दुसऱ्या शहरात असतो. शनिवारी रात्री आम्ही त्याच्या जगात भेटतो. गेल्या महिन्यात गेले तर त्याच्या घराच्या उजव्या अंगाला एक नवी खोली होती. लाकडी मेज, खुर्ची, छताला कंदील. दारावर पाटी, रोमन अक्षरांत: मावशीची खोली. पेटी उघडली तर आत 99 मशाली आणि एक दोर.

"आणि ही फळी काय आहे रे मधोमध?" मी विचारलं.

"उघड ना," तो म्हणाला.

फळी बाजूला झाली. खाली सरळ काळं होतं. त्याने अजून एकही मशाल लावली नव्हती.

मी दार लावून घेतलं आणि दोर सोडला.