२३ मार्च: गोमाच्या सीमेवर

हे लाकडी वाहन नीट बघा. दोन चाकं, मधे जाडजूड फळी, पुढे बैलाच्या शिंगांसारखं हँडल, आणि सगळं लाकडाचं, फक्त चाकांवर जुन्या टायरची रबरपट्टी ठोकलेली. याला इथे चुकुडू म्हणतात. उतार असला की माणूस त्याच्यावर गुडघा टेकवून सुसाट निघतो, चढ आला की खाली उतरून ढकलायचं, आणि वर माल किती, तर बटाटे, लाकडं, कोळशाची पोती, क्विंटलच्या क्विंटल. गोमा शहरात याचा सोनेरी पुतळा उभारलाय, माल ढकलणाऱ्या माणसाचा पुतळा, मला हे फार आवडलं.

गोमा काँगोच्या अगदी पूर्वेला. समोर किवू सरोवर, डोक्यावर न्यिरागोंगो ज्वालामुखी, पायाखाली लाव्हाची काळी खरखरीत जमीन, आणि चालत पलीकडे गेलं की रवांडा. तिकडचं गिसेन्यी इतकं खेटून आहे की कुठलं घर कुठल्या देशात ते सांगावं लागतं. इथल्या छोट्या फाटकातून रोज हजारो लोक पायी ये-जा करतात, त्यात बायका जास्त, डोक्यावर भाजी, पाठीला पोर, विकून संध्याकाळी घरी.

१९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत साधारण ८ लाख माणसं कापली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची. ही कत्तल घडवणारं हुतू जमातीचं सरकार कोसळलं तसे जुलैत १० लाखांच्या आसपास हुतू लोक काही दिवसांत सीमा ओलांडून गोमाच्या बाजूला आले, कॉलरा पसरला, हजारो गेले, आणि लाव्हाच्या त्या दगडात पुरायला खड्डासुद्धा खणता येईना. या गर्दीत कत्तल करणारेही होते, हत्यारांसकट. त्यांच्या मागे रवांडाचं सैन्य आत आलं, १९९६ ला एक युद्ध, १९९८ ला दुसरं, त्यात आजूबाजूचे कितीतरी देश उतरले, आणि कागदावर ते २००३ ला संपलं.

आता नावाची गोष्ट, ही ऐकून मी थांबलोच. २३ मार्च २००९ ला काँगो सरकार आणि एका तुत्सी बंडखोर गटाचा शांतता करार झाला, गटातल्या लोकांना सैन्यात घ्यायचं ठरलं. २०१२ मध्ये त्यातलेच शेकडो सैनिक फुटून बाहेर पडले, म्हणाले सरकारने शब्द पाळला नाही, आणि नवीन संघटनेला त्या कराराचीच तारीख दिली, एम २३. म्हणजे ज्या दिवशी शांतता झाली त्या दिवसाचं नाव आज माणसं बंदुकीबरोबर घेतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी गोमा घेतलं, काही दिवसांनी सोडलं, २०१३ ला काँगोचं सैन्य आणि संयुक्त राष्ट्रांच्या फौजेपुढे हरले, आणि २०२१ च्या शेवटी परत उभे राहिले.

यावेळी पैसा होता. मासिसीच्या डोंगरात रुबाया नावाचं गाव आहे, तिथे माणसं पहार-फावड्याने कोल्टान नावाचं खनिज खणतात, पोती पाठीवर घेऊन घसरड्या वाटेने उतरतात. त्यातून टँटलम हा धातू निघतो, तो आपल्या फोनमधल्या बारीकशा कपॅसिटरमध्ये लागतो. जगातलं साधारण १५ टक्के टँटलम या एका भागातून येतं असा अंदाज आहे. एप्रिल २०२४ मध्ये एम २३ ने रुबाया घेतलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अंदाजाने त्यांना इथून करापोटी महिन्याला ८ लाख डॉलर मिळायला लागले. रवांडाचे ३ ते ४ हजार सैनिक काँगोच्या जमिनीवर आहेत असंही हेच तज्ज्ञ म्हणाले. रवांडा एम २३ ला मदत केल्याचं नाकारतो, म्हणतो आमच्या सीमेवर तेच जुने कत्तलवाले बसलेत. काँगो सरकारनेही हात स्वच्छ ठेवले नाहीत, गावोगावच्या टोळ्यांना वाझालेंडो म्हणजे देशभक्त म्हणून हाताशी धरलं, आणि त्याच टोळ्यांवर रस्ते अडवून पैसे उकळल्याचे, लोकांना मारल्याचे आरोप आहेत.

२७ जानेवारी २०२५ ला गोमा पडलं. सरकारने आणलेले जवळपास ३०० रोमेनियन भाडोत्री सैनिक हत्यारं टाकून चालत रवांडात गेले. बँका बंद, विमानतळ बंद. शहराभोवती प्लास्टिकच्या झोपड्यांत लाखो विस्थापित राहत होते, त्यांना काही दिवसांत निघा म्हणून सांगितलं, लोकांनी काठ्या आणि ताडपत्र्या गुंडाळल्या आणि जी गावं सोडून पळाले होते तिकडेच परत चालायला लागले.

इथे आपले जवानही आहेत. उत्तर किवूत भारतीय शांतिसैनिक कितीतरी वर्षं आहेत, गोमात भारताचं फील्ड हॉस्पिटल आहे. जुलै २०२२ मध्ये इथल्याच बुटेम्बो शहरात संतापलेल्या जमावाने संयुक्त राष्ट्रांच्या तळावर हल्ला केला, त्यात बीएसएफचे दोन जवान गेले. १९९९ पासून ही फौज आहे तरी आमची गावं का जळतात, हा लोकांचा राग मला कळतो, आणि त्या दोन घरांवर काय कोसळलं असेल तेही कळतं.

करार मात्र होतच राहिले. शेजारच्या अंगोलाने आपल्या राजधानीत, लुआंडात, खटपट केली, मार्च २०२५ ला दोहात काँगोचे अध्यक्ष चिसेकेदी आणि रवांडाचे अध्यक्ष कागामे भेटले, जूनमध्ये वॉशिंग्टनला परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या, त्यात खनिजांची भागीदारीही आली, पण एम २३ त्या टेबलावर नव्हतीच, त्यांची बोलणी वेगळी, दोहात. आणि त्या फाटकातून रोज जाणाऱ्या बायकांना यातल्या कुठल्या टेबलाजवळ बोलावलं? मला हे फार लागतं, कारण ही सीमा उघडी राहिली काय, बंद झाली काय, सगळ्यात आधी त्यांनाच कळतं, घरी चूल पेटते की नाही त्यावर.

४ डिसेंबर २०२५ ला दोन्ही अध्यक्षांनी वॉशिंग्टनमध्ये परत सह्या केल्या. आठवडाही झाला नाही तोवर एम २३ काँगोच्याच उविरा शहरात शिरली, आणि तिथली माणसं गाठोडी डोक्यावर घेऊन बुरुंडीच्या सीमेकडे चालायला लागली.