काट्यावर न दिसणारं पोट

(दृश्य: पहाटेचा वॉर्ड. पलंगाच्या कडेला लटकलेली पिशवी.)

नाकातून जठरात उतरलेली ही राइल्स ट्यूब. पिशवीत साठतंय ते हिरवं पाणी म्हणजे पित्त; पुढे वाट नाही म्हणून मागे फिरलेलं. सिस्टर पिशवी मोजतात, आकडा चार्टवर चढवतात. हिरवा रंग निवळायला लागला की वॉर्डात जरा हायसं वाटतं.

काकू कसब्यातल्या. गर्भाशयाची पिशवी काढल्याला बारा वर्षं झाली. जुन्या टाक्यांच्या आत आतडी चिकटली आणि परवा त्या चिकट्यात एक वेढा अडकला. वजन ९२ किलो. घरचे पुन्हा पुन्हा एकच विचारतात, "एवढ्या वजनात ऑपरेशन झेपेल का हो?"

(दृश्य: वजनकाटा.)

झेपेल की नाही हा पुढचा प्रश्न. ऑपरेशन लागेल का, हे मात्र काट्यावर ठरत नाही. काटा फसवतो, हे पुण्याला जुनं ठाऊक आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

(दृश्य: सीटी स्कॅनचा पडदा.)

ही गडद करडी, ती चरबी. जाड पोटात तिच्या थराखाली दुखरी जागा हाताला लागत नाही, जांघेतला छोटा हर्नियाही लपतो. म्हणून सीटी. तीन सेंटिमीटरच्या वर फुगलेलं लहान आतडं इथे दिसतंय. पण रक्तपुरवठा शाबूत आहे.

शेजारच्या आजी जेमतेम ३६ किलोच्या. ओटीपोटाच्या हाडातल्या भोकाशी चरबीची गादी असते; ती झिजली आणि आतडं तिथे घुसलं. त्यांना तडक थिएटरात नेलं.

(दृश्य: एक्स-रे.)

काकूंना नळीतून डाय, म्हणजे एक्स-रेवर पांढरा दिसणारा द्रव, दिला होता. चोवीस तासांनी तो मोठ्या आतड्यात उतरलेला, पांढरा शुभ्र. चिकट्यांमुळे अडकलेल्या दहांतले सात-आठ जण असे बिनऑपरेशनचे सुटतात. ताप आला, नाडी धावू लागली, कळ थांबेनाशी झाली, तर थांबायचं नाही. एरवीही ही वाट साधारण तीन दिवसच पाहायची.

(दृश्य: काकू, उशीला टेकून.)

"सिस्टर, गॅस सुटला!" वॉर्डात हे मोठ्यानं सांगायचं असतं. सिस्टरनी घड्याळ पाहून चार्टवर वेळ लिहिली.