शेवटचे पाच सेकंद

ऑनलाइन लिलावात शेवटच्या पाच-सहा सेकंदात येऊन बोली मारून जाणारे जे लोक असतात ना, स्नायपर म्हणतात त्यांना, त्यांच्यावर सगळ्यांचाच राग असतो. चार दिवस आपण एखाद्या जुन्या कॅमेऱ्यावर टॉपला, मनातल्या मनात त्याने फोटो काढून पण झाले, आणि घड्याळ संपताना कोणीतरी उचलून नेतो. चिटिंग वाटतं. पण हा प्रकार इंटरनेटच्या फार आधीचा आहे बरं का. सतराव्या शतकात लंडनमध्ये इंचभर मेणबत्ती पेटवून लिलाव व्हायचे, ती विझेपर्यंत ज्याची शेवटची बोली त्याचा माल. सॅम्युएल पेपिस नावाच्या इंग्रजाने १६६२ साली डायरीत लिहून ठेवलंय की एक पठ्ठ्या बरोबर शेवटी बोलायचा आणि माल घेऊन जायचा, त्याला विचारलं तर म्हणाला, ज्योत विझताना धूर खाली उतरतो, तो दिसला की मी बोलतो. झालं की स्नायपिंग!

आता ईबे या लिलावाच्या साइटचं गणित बघू. तिथे तुम्ही तुमचा कमाल आकडा टाकता, तो कोणाला दिसत नाही, आणि सिस्टिम तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत जाते. तुमचा कमाल ८० डॉलर, दुसऱ्याचा ४०, तर तुम्हाला वस्तू ४१ ला पडते, म्हणजे दुसऱ्या नंबरच्या माणसाच्या वर एक पायरी. विल्यम विकरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच दाखवून दिलं होतं की बंद पाकिटातल्या बोल्या असतील आणि जिंकणाऱ्याने दुसऱ्या नंबरचा भाव द्यायचा असेल, तर आपली खरी किंमत सरळ लिहून मोकळं व्हावं, त्यातच फायदा. (१९९६ ला नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसात बिचारा गेला.) हे ईबेला लावलं तर बोली सोमवारी टाका नाहीतर रविवारी, फरक पडायला नको.

पण पडतो, कारण समोरचा माणूस थिअरी वाचून आलेला नसतो. त्याने ४० टाकलेले असतात आणि तुम्ही तीन दिवस आधी ८० टाकून ठेवले की त्याला मेल जातो, तुम्हाला मागे टाकलं म्हणून. झालं, डोकं फिरतं. ४५ टाकतो, तरी मागेच. ५०, ५५, ६०, दर वेळी तुमची बोली आपोआप वर सरकते आणि तो ७५ ला कंटाळतो. तुम्हाला वस्तू मिळाली, पण ७६ ला. हेच ८० तुम्ही पाच सेकंद उरलेले असताना टाकले असते तर तो ४० वरच बसलेला होता, ४१ ला काम झालं असतं. खरा खेळ हा आहे, त्यात चपळाई बिपळाई काही नाही, समोरच्याला फेरविचाराला वेळच द्यायचा नाही, बस.

अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांचा २००२ चा पेपर यावर भारी आहे. तेव्हा अॅमेझॉनवर पण लिलाव चालायचे, पण तिथे शेवटच्या दहा मिनिटात बोली आली की वेळ आपोआप पुढे ढकलली जायची. ईबेवर ठरलेल्या सेकंदाला शटर डाऊन. माणसं साधारण तशीच, पण ईबेवर शेवटी उड्या पडायच्या आणि अॅमेझॉनवर तसं फार कमी व्हायचं. त्यामुळे आधी लिलाव संपायचा नियम वाचा राव, वेळ वाढणारी साइट असेल तर स्नायपिंगचा उपयोग जवळपास शून्य.

एक बारकावा लोक विसरतात. आकडा सारखा आला तर आधी टाकणारा जिंकतो, आणि स्नायपर तर मुद्दाम उशिरा येतो, म्हणजे बरोबरीत तोच हरणार. लोकांना गोल आकडे आवडतात, ५०, ८०, १००. म्हणून ८० ऐवजी ८०.२७ टाका, समोरच्याने ८० लपवून ठेवले असतील तर तेवढ्या सत्तावीस सेंटवर तुमचं काम होतं.

एका सेकंदावर बोली मारणं मला नुसता शो वाटतो, नेट अडकलं की बोली पोचतच नाही, आणि पाच-सहा सेकंदात पण कोणी नवीन आकडा ठरवून, टाइप करून, कन्फर्म करत नाही. आणि समोर दुसरा स्नायपर असेल तर? मग दोघांनी बंद पाकिटच टाकल्यासारखं झालं, ज्याचा आकडा मोठा तो जिंकला, तिथे सेकंद मोजून काही मिळत नाही.

आता शेवटचा प्रश्न, स्नायपिंगसाठी सॉफ्टवेअर वापरावं का. वापरतात बरेच जण, तुम्ही झोपलेले असताना ते बोली लावतं. पण बऱ्याच ठिकाणी आपला पासवर्ड त्यांच्या हातात द्यावा लागतो, ते मला पटत नाही. शिवाय त्यात आकडा आधीच भरायचा असतो, आणि खरं सांगू का, मला त्यातली तेवढीच गोष्ट आवडते, कारण शेवटच्या मिनिटाला स्वतःच्या हाताने टाकायला बसलं की ८०.२७ चे ९५ कधी होतात कळत पण नाही.