सिक्स माइलची मुलं

नमस्कार श्रोतेहो.

२०२० च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत एक भयकादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक ग्रेडी हेंड्रिक्स, आणि नाव 'द सदर्न बुक क्लब्ज गाइड टू स्लेइंग व्हॅम्पायर्स'. नावावरून वाटतं की गंमतीजमतीचं काहीतरी असावं. दक्षिणेतल्या गृहिणींचा वाचनगट रक्तपिशाच्चाची शिकार करतो म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? बरेच वाचक त्याच अपेक्षेने पुस्तक हातात घेतात आणि पुढे चांगलेच हादरतात. या पुस्तकाबद्दल वाचक जे बोलतात, त्यातलं काय पटतं आणि काय नाही, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. शेवट सांगणार नाही, निश्चिंत राहा. मधलं थोडंफार मात्र सांगावं लागेल.

कथा घडते साउथ कॅरोलायना राज्यात. चार्ल्सटन शहरातून कूपर नदी ओलांडली की माउंट प्लेझंट लागतं. तिथल्या ओल्ड व्हिलेज नावाच्या जुन्या, नीटनेटक्या वस्तीत पॅट्रिशिया कॅम्पबेल राहते. लग्नाआधी ती नर्स होती. आता डॉक्टर नवरा, दोन मुलं, स्मृतिभ्रंश झालेली सासू आणि न संपणारी घरकामं. तिचा एकुलता एक विरंगुळा म्हणजे मैत्रिणींचा वाचनगट. या बायका गाजलेल्या खुनांच्या सत्यकथा वाचतात. आपल्याकडच्या भिशीसारखाच हा गट आहे. पुस्तक हे निमित्त, खरं काम एकमेकींना धरून राहण्याचं. काळ १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं. मग शेजारी जेम्स हॅरिस नावाचा देखणा, गोडबोल्या माणूस राहायला येतो. त्याच्याकडे ओळखीचं एकही कागदपत्र नाही. बँकेत खातं उघडून द्यायला पॅट्रिशियाच त्याला मदत करते.

रक्तपिशाच्चाला घरात यायला आमंत्रण लागतं, हा जुना संकेत तुम्ही ऐकला असेल. हेंड्रिक्स यांनी तो दक्षिणेतल्या आतिथ्याशी असा जोडला आहे की दाद द्यावीशी वाटते. ज्या समाजात दारात आलेल्याला 'या, बसा' म्हटलं नाही तर बाईचं वळण काढलं जातं, तिथे पिशाच्चाला जबरदस्तीने घुसावंच लागत नाही. दार उघडणं हा तिथल्या बाईच्या संस्काराचा भाग आहे.

आता वाचकांकडे वळू. सगळ्यात जास्त बोललं जातं ते किळसवाण्या प्रसंगांबद्दल. उंदरांचा हल्ला आणि माळ्यावरचं झुरळ, या दोन प्रसंगांची नावं काढली की पुस्तक वाचलेला माणूस अंग चोरून घेतो. उंदरांचं प्रकरण मी मध्ये दोनदा मिटून ठेवलं. पॅट्रिशिया घरी नसताना शेकडो उंदीर घरात शिरतात. आत असते अंथरुणाला खिळलेली सासू, मिस मेरी, आणि तिची देखभाल करणारी मिसेस ग्रीन. लेखक घाई करत नाही. आधी आवाज येतो, मग एखाददुसरा उंदीर दिसतो, आणि मिसेस ग्रीन त्या म्हातारीला वाचवायला स्वतःचे हात पुढे करते. काही वाचकांना हे उगाच ताणलेलं वाटतं. मला तसं वाटत नाही. या प्रकरणात अंग मोडून लढणारी बाई त्या घरची नाही, ती पगारी आहे, आणि घरची माणसं बाहेर आहेत. लेखकाने हे मुद्दाम केलं आहे आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथेच पेरलं आहे.

दुसरा मोठा राग आहे नवऱ्यांवर. हा राग वाचताना मलाही आवरला नाही. बायकांना जेम्स हॅरिसचा संशय येतो, त्या पोलिसांकडे जायचं ठरवतात आणि नवऱ्यांना कळतं. मग सगळे नवरे मिळून त्यांना लहान मुलांसारखं समोर बसवतात, झापतात आणि ज्याच्यावर संशय घेतला त्याचीच माफी मागायला लावतात. पॅट्रिशियाचा नवरा मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून तिच्या हाती गोळ्याही येतात. अनेक वाचक म्हणतात, इतके वाईट नवरे सगळेच्या सगळे कसे असतील? एखादा तरी समजूतदार दाखवायचा होता. तक्रार समजू शकते. पण त्या माणसांच्या वागण्याला कारण आहे आणि ते कारण पैसा आहे. जेम्स हॅरिस त्यांच्याबरोबर जमिनीच्या व्यवहारात उतरतो, त्यांना श्रीमंत करतो. पुढे तो वाचनगटातही येऊन बसतो, पाठोपाठ नवरे येतात आणि वाचायची पुस्तकंसुद्धा बदलतात. बायकांची ती एक संध्याकाळही त्यांच्या हातून जाते. ही माणसं मूर्ख म्हणून आंधळी नाहीत. दिसलं तर नुकसान होईल, म्हणून ती पाहत नाहीत. म्हातारी मिस मेरी हेच सांगत असते. तिच्या लहानपणी तिच्या गावात असाच एक पाहुणा आला होता, गावच्या पुरुषांनी त्याच्याकडे असेच पैसे गुंतवले होते. मुलं मरू लागली तेव्हा गावाने एका काळ्या माणसाला दोषी ठरवून मारून टाकलं. पण मिस मेरीचं डोकं ठिकाणावर नाही असं घरातल्या सगळ्यांनी धरलेलं असतं, त्यामुळे या गोष्टीतला एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार जेवणाच्या टेबलावर बसलेला असूनही कोणी ऐकत नाही.

आपल्याकडे नारायण धारपांच्या भयकथा वाचत मोठे झालेल्यांना एक फरक लगेच जाणवेल. धारपांच्या कितीतरी कथांत संकट हाताबाहेर गेलं की 'समर्थ' नावाचे जाणते गृहस्थ धावून येतात. त्यांना त्या जगाचं ज्ञान असतं, अधिकार असतो, आणि वाचकाला हायसं वाटतं. माउंट प्लेझंटमध्ये असं कोणीही येत नाही. या बायकांजवळ ज्ञान आहे ते वाचलेल्या खूनकथांचं, आणि अनुभव आहे तो डाग काढण्याचा, आजाऱ्याचं करण्याचा, मुलांचे डबे भरण्याचा. हेंड्रिक्स यांनी प्रस्तावनेत सांगितलं आहे की त्यांना ड्रॅक्युलासमोर आपल्या आईला उभं करायचं होतं. एका बाजूला भुकेपलीकडे कसलीच जबाबदारी नसलेला पुरुष, दुसऱ्या बाजूला जबाबदाऱ्यांपलीकडे काही न उरलेल्या बायका. प्रस्तावना वगळून थेट पहिल्या प्रकरणावर उडी मारणारे बरेच असतात. कृपया ती वगळू नका.

आता ज्या मतासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे येते. मिसेस ग्रीन राहते सिक्स माइल नावाच्या वस्तीत. ही काळ्या लोकांची वस्ती. माउंट प्लेझंटमध्ये या नावाची वस्ती खरोखर आहे. गुलामीतून सुटलेल्यांच्या वंशजांच्या अशा वस्त्या त्या भागात आहेत. तिथल्या हायवे सतराच्या कडेला स्वीटग्रास गवताच्या टोपल्या विणून विकणाऱ्या बायका पिढ्यान् पिढ्या बसत आल्या आहेत. ही कला आफ्रिकेतून आणलेल्या माणसांबरोबर आली. कादंबरीत जेम्स हॅरिस आधी या वस्तीतली मुलं निवडतो, कारण ती नाहीशी झाली तर ओल्ड व्हिलेजमध्ये कुणाची झोप उडणार नाही, हे त्याला माहीत आहे.

काही वाचक म्हणतात, हे अतिशयोक्त आहे, मुलामागून मूल मरत असताना पोलीस गप्प कसे बसतील? त्यांनी जॉर्जिया राज्यातलं अटलांटा शहर आठवावं. जुलै १९७९ मध्ये तिथे काळ्या मुलांचे पहिले मृतदेह सापडले. पोलिसांचं विशेष पथक नेमायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला. मधल्या काळात कमिल बेल आणि तिच्यासारख्या मुलं गमावलेल्या आयांनी स्वतः समिती उभी केली, दारोदार फिरल्या, पत्रकारांना गाठलं. १९८१ पर्यंत दोन डझनांहून जास्त जीव गेले, त्यात बहुतेक मुलं होती. कादंबरीच्या काळाच्या जेमतेम दहा वर्षं आधीची ही गोष्ट, शेजारच्याच राज्यातली.

दुसऱ्या बाजूचे वाचक, त्यांत काळे वाचक बरेच, वेगळाच प्रश्न विचारतात आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, ही मुलं मरतात ती कशासाठी? गोऱ्या बायकांना जाग यावी म्हणून? सिक्स माइलच्या आयांना कादंबरीत नावं किती, संवाद किती? मिसेस ग्रीन पॅट्रिशियाला सुनावते, तो प्रसंग जबरदस्त आहे. तुम्ही येणार म्हणालात आणि आला नाहीत, असा त्याचा रोख आहे. पॅट्रिशिया गोळ्या घेऊन गप्प बसलेली असताना मिसेस ग्रीनने आपल्या मुलांना वस्तीबाहेर नातेवाइकांकडे पाठवून दिलेलं असतं. म्हणजे लेखकाला हा अन्याय ठाऊक आहे, तो झाकत नाही. ज्यांनी 'हे पुस्तक वर्णभेदी आहे' असा एका वाक्यात निकाल लावला, त्यांच्याशी म्हणून मी सहमत नाही. पण ठाऊक असणं आणि जागा देणं यांत अंतर आहे. मधली काही वर्षं एका झटक्यात उलटतात, त्या वर्षांत ओल्ड व्हिलेजमध्ये काय झालं ते आपल्याला कळतं, पैसा आला, घरं नटली. सिक्स माइलमध्ये त्याच वर्षांत काय झालं, किती घरांनी मुलं दूर धाडली, रात्री कोण पहारा देत होतं, ते आपण फक्त ओझरतं ऐकतो. मला ती पानं हवी होती. उंदरांच्या प्रकरणात ज्या बाईचे हात रक्ताळले, तिच्या घराच्या ओसरीवरून ही गोष्ट निदान काही प्रकरणं तरी पाहायला हवी होती.

तरीही वाचा, असंच मी म्हणेन. प्राण्यांचे, लहान मुलांचे हाल सहन होत नसतील तर मात्र जपून. इथे लैंगिक अत्याचाराचा एक प्रसंगही आहे आणि तो वाचायला जड जातो. वाचून झाल्यावर चर्चा करायला बसाल तेव्हा उंदीर आणि नवरे यांवर बोलणं आपोआप होईलच. मिसेस ग्रीनवर बोलायला मात्र वेळ राखून ठेवा. ती त्या वाचनगटात सुरुवातीपासून का नव्हती, इथून सुरुवात करता येईल.

नमस्कार.