तुरुंग गोव्याचा, चावी लिस्बनची

(18 जूनच्या निमित्ताने सावंतवाडीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, सुरुवात एका शब्दापासून करतो. पगार, साबण, लिलाव, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे आपण शाळेत शिकलो. पण ‘तुरुंग’ हा शब्दही तिकडूनच आला, त्यांच्या ‘ट्रोंको’वरून. आणि ‘चावी’सुद्धा. कोंडायची जागा आणि ती उघडायचं साधन, दोन्ही शब्द एकाच गलबतातून उतरल्यासारखे. आज मला या तुरुंगाबद्दल आणि चावीबद्दलच बोलायचं आहे.

आजच्याच तारखेला, 1946 साली, राम मनोहर लोहिया मडगावच्या मैदानात बोलायला उभे राहिले. आले होते विश्रांतीसाठी, असोळण्याला, मित्र जुलियांव मिनेझिस यांच्या घरी. सभाबंदी मोडली म्हणून दोघांना अटक झाली. ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या काही महिन्यांत काय घडलं ते मात्र कमी सांगितलं जातं. टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे, लोयोला अशा मंडळींवर लष्करी न्यायालयात खटले चालले आणि त्यांना जहाजात घालून थेट पोर्तुगालला नेलं. पेनिशला.

पेनिश हा अटलांटिकच्या काठावरचा किल्ला. लाटा तटावर आदळतात, बाकी काही ऐकू येत नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने 1934 पासून त्याचा राजकीय तुरुंग केला होता. कुणासाठी? गोवेकरांसाठी नव्हे. पोर्तुगिजांसाठी! कामगार संघटनेचे लोक, कम्युनिस्ट, सरकारविरुद्ध चार शब्द छापणारे. कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्याल 1960 च्या जानेवारीत साथीदारांसह इथूनच तटावरून उतरून निसटले. आपल्या काकोडकर-भेंब्र्यांना ज्या कोठड्या मिळाल्या, त्या आधी पोर्तुगिजांच्या देशबांधवांसाठी ठेवलेल्या होत्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण ‘पोर्तुगीज’ म्हणतो तेव्हा मारणारा आणि मार खाणारा यांना एकाच शब्दात कोंबतो. पोर्तुगीज माणूस स्वतःच कोंडलेला होता. त्याचं पोलीस खातं, सेन्सॉर आणि तुरुंग त्याच्यावर तासून तयार झाले आणि मग गोवा, अंगोला, मोझांबिक इथे वापरले गेले. आफ्रिकनांसाठी वेगळी छावणी होती, केप व्हर्देमध्ये, तारफाल नावाची. ती सुद्धा सुरू झाली 1936 साली, पोर्तुगीज कैद्यांसाठीच.

आता आपल्या परिसराकडे येतो. पत्रादेवी इथून किती लांब? बांदा ओलांडलं की आलीच. 15 ऑगस्ट 1955 ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही अशा सीमांवरून आत गेले आणि गोळीबारात वीसहून अधिक माणसं पडली. पंजाबचे करनैलसिंग आणि पनवेलचे हिरवे गुरुजी ही त्यांतली दोन नावं. त्याच्या आधी सत्याग्रह करून पकडले गेले ते सेनापती बापट, नानासाहेब गोरे, मधू लिमये, सुधाताई जोशी. आग्वादचा किल्ला आज आपण पर्यटनासाठी बघतो. त्याच्या खालच्या अंगाला समुद्रालगत जो तुरुंग आहे, तिथे यांतल्या अनेकांचे दिवस गेले. तिथे गेलात तर दहा मिनिटं नुसते बसा, फोटो नंतर काढा.

त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला, म्हणजे 1510 मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकला त्याच तारखेला, आपल्या आंबोलीच्या रानातून एक रेडिओ सुरू झाला. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ही दोन तरुण माणसं रानात राहून कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून बोलत. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं. सहा वर्षं हे चाललं. पोर्तुगीजमधून का, असं मला मुलं विचारतात. कारण ऐकणारा सैनिकही कुणाच्या तरी हुकुमाचा बांधील होता, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायचं होतं. 19 डिसेंबर 1961 ला विमानातून लाउडस्पीकरवर गोवा मुक्त झाल्याची घोषणा याच दोघांनी केली.

भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा सालाझारचा हुकूम होता, शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो पाळला नाही, शरणागती पत्करली. म्हणूनच पणजी शाबूत राहिली, असं मी मानतो. मायदेशी गेल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकलं. त्यांचे कैद झालेले तीन हजारांवर सैनिक आपण 1962 मध्ये सोडले, ते घरी गेले.

आणि मोहन रानडे? मूळचे सांगलीचे, नाव मनोहर आपटे. गोव्यात मराठी शिकवायला गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. त्यांना पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या काशियशला. गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. गोव्यात निवडणुका झाल्या, बांदोडकर मुख्यमंत्री झाले, 1967 चा जनमत कौल झाला, आणि हा माणूस काशियशच्या कोठडीतच! सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. गाण्यातले बाबूजी आपल्याला माहीत असतात. 1954 मध्ये दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीत उतरलेले आणि पुढे या एका कैद्यासाठी दारोदार फिरलेले बाबूजी कमी माहीत असतात. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुरै यांनी पोपकडे रदबदली केली. 1969 च्या जानेवारीत रानडे बाहेर आले. गोव्याच्या मुक्तीनंतर सात वर्षांनी. गोव्याचे कवी-पत्रकार तेलो मास्कारेन्हस तर 1970 पर्यंत आतच होते. पाठ्यपुस्तकात 451 वर्षांची राजवट 1961 ला संपते. या दोघांसाठी ती संपली नव्हती.

ती खरी संपली आफ्रिकेत. अंगोलात 1961 मध्ये बंड पेटलं, गिनीत 1963 मध्ये, मोझांबिकात 1964 मध्ये. तिन्हीकडची युद्धं रेटता रेटता सैन्यातले तरुण अधिकारीच वैतागले आणि 25 एप्रिल 1974 ला त्यांनी लिस्बनची सत्ता उलथवली. दोन दिवसांत काशियश आणि पेनिशचे दरवाजे उघडले. बार्देशचे आकिनो द ब्रागांझा तेव्हा मोझांबिकच्या लढ्यात होते, पुढे तिथले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे सल्लागार झाले आणि 1986 मध्ये त्यांच्याच विमान अपघातात गेले. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. बघा.

31 डिसेंबर 1974. नवी दिल्ली. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली भारताचे आहेत, हे पोर्तुगालने त्या दिवशी लेखी मान्य केलं. आपल्या बाजूने सही यशवंतराव चव्हाणांची, त्यांच्या बाजूने परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश यांची. यशवंतराव इंग्रजांच्या तुरुंगात राहिलेले. आणि सोआरिश? सालाझारच्या पोलिसांनी अनेकदा डांबलेले, 1968 मध्ये साओ तोमे बेटावर हद्दपार केलेले. गोव्याची चावी लिस्बनने परत केली ती एका कैद्याच्या हातून.

मागे काय उरलं, असं मघाशी एका मुलीने विचारलं. कौटुंबिक कायदा उरला, 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा. लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरण्याची रीत त्यातली. खाणींचे पट्टे उरले, पोर्तुगीज काळात वाटलेले; त्यांचा कज्जा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि उरला पासपोर्ट. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्याला, त्याच्या मुलाला, नातवाला पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. त्यासाठी आजोबांचा जुना जन्मदाखला शोधत लोक कचेऱ्या पालथ्या घालतात. त्यांना नावं ठेवणारा मी नव्हे. पोरांच्या नोकरीसाठी माणूस काय काय करतो, हे कोकणातल्या आपण तरी जाणतो. पण या हक्काचं मूळ कशात आहे ते बघा. गोवा ही वसाहत नाही, तो पोर्तुगालच आहे आणि तिथली माणसं पोर्तुगीज आहेत, असा सालाझारचा हट्ट होता. तो मान्य नाही, असं म्हटलं म्हणून मास्कारेन्हस दहा वर्षं कोठडीत बसले. त्याच हट्टाचा कागद आज कुणाच्या तरी खिशात लिस्बनच्या विमानात चढतो आहे.